मुंबईहून लांबचा विमानप्रवास: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

रविवारी रात्री साडेदहाला फोन वाजला. काका-काकू सहारला, विमानतळाच्या टी२ टर्मिनलच्या दाराशी उभे होते. बरोबर चार मोठ्या बॅगा, त्यात लेकीच्या बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे लाडू आणि दुपटी. दारावरचा जवान आत सोडत नव्हता. "ताई, तो म्हणतो तुमचं विमान काल गेलं. असं कसं होईल? तिकिटावर रविवारच आहे ना?"

तिकिटावर रविवारच होता. रविवार, १५ मार्च, ०१:३५. म्हणजे शनिवारी रात्री जेवून घरून निघायचं होतं. काका-काकू रविवारी रात्री जेवून निघाले. तोवर विमान न्यूयॉर्कला पोचूनही गेलं होतं.

मी दादरला बरीच वर्षं तिकिटांच्या कामात आहे. अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला मुलांकडे जाणारे आईवडील हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अशी चूक मी एकदाच पाहिली असती तर लिहायला बसले नसते. दर वर्षी कुणाचं तरी विमान असं चुकतं. अगदी शिकल्यासवरल्या, बँकेत उभी हयात आकडेमोड केलेल्या माणसांचंही. कारण चूक आकड्यांची नसतेच, ती आपल्या बोलण्यात मुरलेली असते. तिच्यापासूनच सुरुवात करते.

रात्रीचा दीड नेमका कुठल्या वाराचा?

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. शनिवार उजाडला की रविवार उजाडेपर्यंत शनिवारच. आता पंचांग कुणी रोज उघडत नसेल, पण बोलणं अजून तसंच आहे. जागरण झालं की आपण म्हणतो, "शनिवारी रात्री दोनपर्यंत जागेच होतो." घड्याळाच्या हिशेबाने तो केव्हाच रविवार झालेला असतो, पण कानाला ते खटकत नाही. विमान कंपनीचा वार मात्र ठोक्याला, रात्री बारा वाजता बदलतो. तिकिटावर 'रविवार ०१:३५' वाचलं की आपलं मन त्याचं 'रविवारी रात्री दीड' करून टाकतं आणि चोवीस तास पुढे जातं.

यात मुंबईचा एक खास त्रास असा, की इथून सुटणारी लांब पल्ल्याची बरीच विमानं नेमकी मध्यरात्र ते पहाट या वेळेतच असतात. रात्री दोन-तीनला निघालेलं विमान युरोपात सकाळी उतरतं, तिथून पुढे जाणारी विमानं दिवसभर मिळतात. आखाताकडे जाणाऱ्यांचं गणितही तसंच. म्हणजे जी वेळ आपल्या बोलीला सगळ्यात अडचणीची, तीच कंपन्यांना सगळ्यात सोयीची.

उपाय साधा आहे. तिकीट हातात आलं की त्याच्या डोक्यावर पेनाने एक ओळ लिहा: "शनिवारी १४ तारखेला रात्री आठ वाजता घर सोडायचं." विमानाची वेळ लिहू नका, घर सोडायची वेळ लिहा. त्या दिवसापासून आमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर ही ओळ असते.

येणाऱ्या विमानालाही हाच नियम. मुलगा 'शुक्रवारी ००:५०'ला उतरतोय, तर न्यायला गुरुवारी रात्री निघायचं. इथे चूक झाली तर विमान चुकत नाही, पण दमूनभागून आलेलं पोर पहाटे सहारला फोन लावत बसतं आणि घरचे गाढ झोपलेले असतात. टॅक्सी आधी ठरवताना, ऑफिसात रजा टाकताना, परदेशातलं हॉटेल घेतानाही तारीख एकदा पारखून घ्या. पंधराच्या पहाटे निघणाऱ्याला चौदा तारखेची संध्याकाळ मोकळी हवी असते, आणि रजेच्या अर्जावर सहसा पंधरापासूनच लिहिलेलं असतं.

पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करणं

"मुंबईहून पहाटे दोनला निघतं, न्यूयॉर्कला सकाळी आठला पोचतं. म्हणजे सहा तास. एवढं जवळ?" हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला गेलाय आणि विचारणाऱ्याची त्यात काहीच चूक नाही. एसटीच्या आणि रेल्वेच्या तिकिटावर हीच वजाबाकी बरोबर येते. विमानाच्या तिकिटावर दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांतल्या असतात. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची वेळ तिथल्या. कंपनी हे वेगळं लिहून सांगत नाही, कारण साऱ्या जगात तोच रिवाज आहे.

हिशेब असा करायचा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळचे आठ म्हणजे मुंबईत संध्याकाळचे साडेपाच. पहाटे दोन ते संध्याकाळी साडेपाच, झाले साडेपंधरा तास. आता परतीचं बघा. न्यूयॉर्कहून शनिवारी दुपारी साडेबाराला निघालं, मुंबईत रविवारी दुपारी सव्वाबाराला उतरलं. नुसती वजाबाकी केली तर पावणेचोवीस तास येतात आणि माणूस घाबरतो. खरं तर निघालं तेव्हा मुंबईत शनिवारचे रात्रीचे दहा वाजले होते. म्हणजे प्रवास सव्वाचौदा तासांचा.

दोन्ही वेळा आधी मुंबईच्या घड्याळात आणा, मगच वजा करा. जेवण, झोप, औषध, बाळाचं दूध, सगळ्याचा अंदाज या एकाच घड्याळावर येतो. शरीर निदान पहिले दोन दिवस मुंबईच्याच वेळेवर चालणार असतं.

तिकिटावर पोचायच्या वेळेपाशी बारीक अक्षरात '+१' असतं, ते डोळ्यांतून सुटतं. त्याचा अर्थ पोचण्याची तारीख एक दिवस पुढची. '+२'सुद्धा असतं, वाटेत लांब थांबा असेल तर.

साडेनऊ की साडेदहा?

भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही, ते जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असतं. त्यामुळे फरकसुद्धा कायमचा असेल असं आपण धरून चालतो. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. म्हणून न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. ब्रिटनमध्ये हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, तिथला फरक साडेचार आणि साडेपाच. सिडनीत सगळं उलटं, कारण आपल्या थंडीत त्यांचा उन्हाळा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत सिडनी आपल्या साडेपाच तास पुढे असते, बाकीचे दिवस साडेचार.

मार्चमधले ते दोन-तीन आठवडे सगळ्यात फसवे. अमेरिकेचं घड्याळ सरकलेलं असतं, लंडनचं अजून सरकायचं असतं. लंडनमार्गे जाणाऱ्याने मागच्या महिन्यात पाठ केलेले आकडे तेव्हा वापरले की एक तास कुठेतरी हरवतो. तिकिटं सहा-आठ महिने आधी काढलेली असतील, तर कंपनी हंगाम बदलताना वेळाही बदलते. त्याचा ईमेल येतो, पण तो मुलाच्या पत्त्यावर जातो आणि मुलगा कामात असतो. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी, दोनदा, पीएनआर टाकून वेळ बघा.

अंतर भागिले वेग

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. गिऱ्हाईक विचारतं, "न्यूयॉर्क किती लांब?" मी सांगते, साधारण १२,५०० किलोमीटर. मग मोबाइलवर गणित होतं: विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे जेमतेम चौदा तास. "तिकिटावर मात्र पंधरा-सोळा का?"

सगळ्यात आधी एकक बघा. काही साइट्स मैल दाखवतात, काही किलोमीटर, आणि वैमानिकांचा हिशेब सागरी मैलांत. १२,५०० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,७७० मैल किंवा ६,७५० सागरी मैल. एक मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. एका गृहस्थांनी ७,७७० मैलांना ताशी ९०० किलोमीटरने भागून साडेआठ तास काढले होते आणि त्यावरून आईच्या इन्सुलिनची वेळ ठरवली होती. वेळेवर विचारलं म्हणून बरं झालं.

पण मोठी गोम वेगळीच आहे. हे १२,५०० किलोमीटर मोजलेत कसे? भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलंत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी जाते. ती सगळ्यात जवळची वाट नाही. पृथ्वी गोल आहे, नकाशाने ती ताणून सपाट केलेली आहे.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर काढा, धूळ पुसा, आणि एक शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेला सरकतो. बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, मग मॉस्कोच्या आसपास, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या पूर्वेचा समुद्र, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, आणि मग कॅनडावरून खाली. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. आपली मुंबई १९ अंशावर आहे. मी हे टेबलावर करून दाखवते तेव्हा लहान मुलंच नाही, आजीआजोबाही खुर्ची पुढे ओढून बसतात. सॅन फ्रान्सिस्कोला दोरा लावला तर तो आणखी वर, ७६ अंशाच्या पुढे, उत्तर ध्रुवाच्या शेजाराला जातो. ते अंतर साडेतेरा हजार किलोमीटर.

साइटवर दिसणारं 'अंतर' म्हणजे हा ताणलेला दोरा. कमीत कमी अंतर. आता त्याच दोऱ्यावरून बोट फिरवा आणि विचारा, इथून विमानाला जाता येतं का? पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९मध्येही फेब्रुवारी ते जुलै असं झालं होतं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद आहे आणि रशियाने तेव्हापासून युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच कंपन्यांना आपल्या हद्दीतून उडू दिलेलं नाही. आखातात तणाव वाढला की इराण-इराकवरचे रस्तेही अचानक मिटतात. म्हणजे दोरा सरळ ताणता येत नाही, खिळ्यांना वळसा घालत न्यावा लागतो. दिल्लीला याचा फटका मुंबईपेक्षा मोठा बसला, कारण मुंबईहून निघालेल्या विमानाला अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं. तरी उत्तर अमेरिकेला जाणारं विमान जास्तीचा वळसा घेणार आणि जास्त इंधन नेणार. २०२५मध्ये भारतातून थेट जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावंही लागलं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी ताईच्या विमानाला किती तास लागले होते, यावर यंदाचा बेत आखू नका. या आठवड्यात तेच विमान प्रत्यक्ष किती वेळ उडतंय ते बघा. विमानाचा नंबर टाकला की मागच्या काही दिवसांच्या खऱ्या वेळा आणि वाट दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. माझ्या मते कुठल्याही अंतराच्या आकड्यापेक्षा हे दोन मिनिटांचं बघणं जास्त कामाचं.

आणखी एक. तिकिटावरचा प्रवासकाळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात रांगेत उभं राहणंही आलं. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान दार लावून अर्धा-पाऊण तास रांगेत असणं हे इथलं रोजचं आहे. कंपन्या हे धरूनच वेळापत्रक लावतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं. सुटायला वीस मिनिटं उशीर झाला म्हणून लगेच पुढच्या विमानाची काळजी करू नका.

जाताना सोळा, येताना चौदा

"जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हे कसं?" यावर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर: पृथ्वी फिरते म्हणून. ते खरं नाही. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. तसं नसतं तर शिवाजी पार्कवर उडी मारणारा पोरगा माहीमच्या समुद्रात पडला असता.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, थंडीत त्याहून जास्त. अमेरिकेहून भारताकडे येणारं विमान या वाऱ्याला पाठीवर घेतं. जाताना तोच वारा तोंडावर, म्हणून वैमानिक शक्य तितका तो टाळत वाट काढतात. विमानाचा हवेतला वेग दोन्ही वेळा सारखाच, जमिनीवरून मोजलेला वेगळा. समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०५० दिसला तर घाबरू नका, ते वाऱ्याचं देणं आहे. लंडनचंही तसंच: सुमारे ७,२०० किलोमीटर, जाताना नऊ-दहा तास, येताना साधारण तासभर कमी.

चूक कुठे होते, तर लोक परतीची वेळ जाण्याच्या वेळेवरून काढतात, नाहीतर उन्हाळ्यातल्या अनुभवावरून जानेवारीचा अंदाज बांधतात. दोन्ही दिशा वेगळ्या मोजा.

'डायरेक्ट' म्हणजे न थांबता नव्हे

हा शब्द महागात पडतो. मधे एकदाही न उतरणारं विमान म्हणजे 'नॉनस्टॉप'. 'डायरेक्ट' म्हणजे विमानाचा नंबर तोच, पण ते वाटेत एखाद्या ठिकाणी उतरू शकतं. तिकीट काढताना शब्द विचारू नका, "मधे किती वेळा उतरणार, कुठे, किती वेळ" असं विचारा.

थांबा घेतला की अंतर भलतंच वाढतं, हाही एक समज. हिशेब करून बघा. मुंबई ते लंडन ७,२००, लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज १२,७४०. म्हणजे सरळ दोऱ्यापेक्षा जेमतेम दोनशे-अडीचशे किलोमीटर जास्त, कारण लंडन जवळपास वाटेवरच आहे. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. सिंगापूरमार्गे मात्र १९,०००च्या पुढे, कारण तिथे आपण आधी उलट्या दिशेला जातो. तरी कधी कधी ते तिकीट स्वस्त मिळतं आणि कुणीतरी 'एकच थांबा आहे' म्हणून वयस्कर आईवडिलांना त्यावर बसवतं. पैसे वाचतात, पण सत्तरीच्या गुडघ्यांना ते जास्तीचे दहा-बारा तास सोसत नाहीत. मला हे पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगते.

वेळ खातो तो थांबा. साइटवरचा 'एकूण प्रवास' थांब्यासकट असतो, तेव्हा बावीस तास दिसले तर त्यात सात तास नुसतं बसणं असू शकतं. उलट दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण व्हीलचेअर लागणाऱ्या माणसाला मोठ्या विमानतळावर दीड तास पुरत नाही. उतरताना व्हीलचेअरवाले शेवटी उतरतात, हे लक्षात असू द्या. आईवडील एकटे जात असतील तर तीन तासांच्या खाली मी थांबा घेऊ देत नाही.

थांब्याबाबत तपासायच्या गोष्टी थोडक्यात सांगते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? वेगळी काढली असतील तर पहिलं उशिरा आल्यास दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही, बॅगाही स्वतः उचलून परत द्याव्या लागतात. दोन्ही विमानं एकाच विमानतळावरून आहेत का? न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि पलीकडे न्यू जर्सीत नेवार्क. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक. टोकियोला नारिता आणि हानेडा. तिकिटावर शहर एकच दिसतं आणि मध्ये टॅक्सीचा तासाभराचा प्रवास निघतो. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा, शेजाऱ्याच्या अनुभवावर नको, कारण तुमच्या पासपोर्टवर दुसरा कुठला व्हिसा आहे यावरही ते ठरतं. आणि अमेरिकेत सहसा पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं आणि बॅग उचलून परत द्यावी लागते, पुढे डॅलसला जायचं असलं तरी. अबुधाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं, म्हणून तिथला थांबा थोडा सैल घ्या.

मुंबईतला प्रवास विसरू नका

आता 'मुंबई' म्हणजे कुठली, हेसुद्धा विचारावं लागतं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं आणि २५ डिसेंबर २०२५ला तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. लांब पल्ल्याचं विमान सहारच्या टी२वरून आणि नागपूरहून तिथवर आणणारं विमान उलव्याला उतरणारं, असं तिकीट साइटवर स्वस्त म्हणून समोर येऊ शकतं. मध्ये अटल सेतू असला तरी बॅगा घेऊन मुंबई पार करायची आहे, चार तास तरी हातात ठेवा. टी१ आणि टी२सुद्धा शेजारी शेजारी नाहीत. धावपट्ट्या त्याच, पण टी१ विलेपार्ल्याच्या बाजूला, टी२ अंधेरीकडे सहारला. चालत जाण्यासारखं अंतर नाही.

विमान तीन हजार किलोमीटरचं असो की तेरा हजार, चुकतं ते घर ते विमानतळ या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये. डोंबिवलीहून शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्याने दोन तास धरले आणि पाऊस आला, तर दोनाचे तीन होतात. बॅगा द्यायचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. विमान सुटायच्या तीन तास आधी दारात, हा हिशेब पक्का. त्याच्यामागे रस्त्याचा वेळ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर आणखी एक तास. भुयारी मेट्रो आता टी२पर्यंत जाते, हलकं सामान असेल तर जायला फार चांगली. पण पहाटे तीनला उतरणाऱ्याला मेट्रो नसते, त्याची गाडी आधी ठरवा.

फोन, औषधं आणि संकष्टी

फोनच्या कॅलेंडरमध्ये परतीचं विमान इथे बसून लिहिलंत, तर फोन ती वेळ मुंबईची समजतो. न्यूयॉर्कला पोचलात की घड्याळ आपोआप बदलतं आणि दुपारी साडेबाराचं विमान पहाटे तीनचं दिसायला लागतं. नोंद करताना टाइम झोन निवडायची सोय असते, ती वापरा. नाहीतर कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, मला तोच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या किती तासांच्या अंतराने घ्यायच्या ते तिकीट दाखवून डॉक्टरांना विचारा. एका मनगटावर मुंबईच्या वेळेचं घड्याळ ठेवलं की विमानात गोंधळ होत नाही. मावशी लोक हमखास विचारतात म्हणून सांगते: पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, त्यामुळे संकष्टीच्या दिवशी प्रवास आला तर चंद्रोदयाची वाट फार लांब पडते. कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ महाराष्ट्रातली, ती त्या आकाशात लागू नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी त्या दिवशी उपास धरू नये असं मी हात जोडून सांगते.

काका-काकूंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बुधवारच्या पहाटेची दोन तिकिटं मिळाली, दंड आणि भाड्यातला फरक मिळून बरेच पैसे गेले. लेकीचं बाळंतपण त्यांच्या पोचण्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. जूनच्या अखेरीस तिकडून काकांचा फोन आला. दुबईमार्गे परत येणार होते, तिकीट समोर धरून बोलत होते.

"ताई, मुंबईत शुक्रवारी शून्य शून्य पस्तीस लिहिलंय. म्हणजे पुतण्याला गुरुवारी रात्री साडेनऊला घरून निघायला सांगू ना?"

"काका, साडेदहाला निघाला तरी चालेल. तुमच्या बॅगा यायला पाऊण तास लागेल."

"नको, साडेनऊच सांगतो," काका म्हणाले. "पाऊस आहे ना तिकडे."